सोयरे सोडून

निंबटोलीत तो ठराव झाला तेव्हा बायकांच्या बाजूनं पहिला हात अनुसयाबाईंचा वर गेला होता. नुसता गेला नाही, असा खणखणीत गेला की बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, "अवो, हात वर करून राह्यल्या, समजलं तं का काही?" तर ह्या म्हणाल्या, "सारं समजलं. त्या हेमराजचा धिंगाणा बंद होते, एवढं समजलं का पुरे!"

निंबटोली वर्ध्याच्या अंगाला चिकटलेली. मोठा दवाखाना जवळ, त्यामुळे अर्ध्या गावाची चूल पेशंटांच्या नातेवाइकांवर पेटते. कोणी समोरची खोली देतं, कोणी माडी देतं, एकानं तर गोठ्याला टाइल्स लावून त्याला रूम म्हणायला सुरुवात केली. आलेला माणूस एक रात्र, दोन रात्री राहतो, डॉक्टरनं सोडलं की आपल्या गावी जातो. वर्षानुवर्षं असं चाललं होतं आणि कोणाच्या पोटात दुखत नव्हतं.

मग हेमराजला अक्कल सुचली. नागपूरला गेलेल्या लोकांची तीन घरं त्यानं घेतली, आत प्लायवूड ठोकून खोल्या पाडल्या, मोबाइलवर फोटो टाकले. झालं! शनिवार-रविवारी नागपूरची पोट्टी मोटारी घेऊन यायला लागली. पहाटेपर्यंत गाण्यांचा डब्बा वाजतोय, म्हाताऱ्यांना झोप नाही. आपला जिल्हा दारूबंदीचा, आणि सकाळी हेमराजच्या नालीत बाटल्या तरंगताहेत. एकदा तर दोन पोट्ट्यांनी भर रस्त्यात एकमेकांची डोकी फोडली. गाव पेटून उठलं. आणि गावाच्या पुढे कोण, तर प्रभाकरराव.

प्रभाकरराव म्हणजे अनुसयाबाईंचे यजमान. किराणा दुकान, ग्रामपंचायतीचे सदस्य, आणि स्वभाव असा सरळ की त्याचा लोकांना त्रासच व्हावा. वजनात एक दाणा कमी द्यायचे नाहीत, जास्त तर विचारूच नका. ठराव त्यांनीच लिहून काढला. कोणत्याही घरी बाहेरच्या माणसाचा मुक्काम महिन्यातून चारदाच. पैसे घेतले की फुकट ठेवलं, हे बघायला कोण जाणार? म्हणून मुक्कामच मोजायचे. पाचव्यांदा सापडला तर त्या खोलीला वर्षभर कुलूप. आणि शेवटी तीन शब्द, तेही प्रभाकररावांचेच: सोयरे-धायरे सोडून. लेक माहेरी आली, भाऊ भेटायला आला, तर ते काय मोजायचं असतं?

हेमराजनं बरोबर त्या तीन शब्दांत बोट घातलं. ठराव लागू होऊन महिना झाला नाही तोच त्याच्याकडे येणारा जो तो त्याचा साडू निघू लागला. यवतमाळचा साडू, चंद्रपूरचा साडू, एक तर चक्क हैदराबादचा, ज्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. पंचायतीत सगळ्यांसमोर प्रभाकररावांनी त्याला धरला. "काऊन रे हेमराज, तुया सासऱ्याले पोरी तरी किती? साऱ्या दुनियेत जावई पेरून ठेवले का त्यानं?" लोक पोट धरून हसले. हेमराजचे कान लाल झाले. तो एवढंच म्हणाला, "काका, तुमच्याही घरी लोकं येतात. पाहू ना."

त्या दिवसापासून तो प्रभाकररावांच्या घरासमोरच्या पानठेल्यावर ठाण मांडून बसू लागला. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत, पाय हलवत, दाराकडे डोळे लावून.

आणि घरी प्रभाकररावांनी बायकोला बजावलं, "हे पाय, साऱ्या गावानं लावलं तरी चालन, पण आपल्या दारात खोटं नातं लावाचं नाई. माहं तोंड आहे गावात."

"मी कायले लावतो खोटं नातं?" अनुसयाबाई म्हणाल्या. "जे नाई ते नाई."

खोटं त्यांना खरंच जमत नव्हतं. आणि त्याचा थोडा तोराही होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता शकुबाईचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्याचपाशी येऊन थांबतं.

शकुबाई वडनेरची. नवरा नत्थूजी शेती करणारे, बोलायला कमी. शकुबाईला छातीत गाठ निघाली आणि दवाखान्यात केमोच्या सुया सुरू झाल्या. ठरल्या तारखेला यायचं, आदल्या दिवशी पोचायचं, सकाळी सुई, मग अंगात त्राण राहत नाही म्हणून आणखी एक रात्र पडून राहायचं, नि मग हिंगणघाटची एस.टी. श्रावणात पहिल्यांदा आले ते विचारत विचारत अनुसयाबाईंच्या दारात. समोरची खोली घेतली. त्या रात्री शकुबाईला इतक्या उलट्या झाल्या की अनुसयाबाईच उठून बसल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सकाळी मुगाची पातळ खिचडी करून दिली. माणुसकी म्हणून केलं, त्यात काही विशेष नाही.

विशेष झालं ते जाताना. शकुबाई निघाली, उंबऱ्याजवळ वाकून पाया पडली, आणि उभी राहताना तिनं सवयीनं पदर पुढे धरला. माहेराहून निघालेली बाई धरते तसा. धरला आणि तिच्याच लक्षात आलं, आपण भाड्याच्या खोलीतून निघालो आहोत. जीव ओशाळला बिचारीचा. पदर मागे घ्यायला गेली तेव्हा अनुसयाबाईंनी तो धरला. "थांब वं," म्हणाल्या, आत गेल्या, सुपातले तांदूळ आणले, घरात पडलेला एक खण आणला, कुंकू लावलं नि ओटी भरली. शकुबाईचे डोळे भरून आले. माहेरी कोणीच उरलं नव्हतं तिचं. आईबाप गेले, एकुलता भाऊ गेला, भावजय आपल्या माहेरी निघून गेली, घर विकलं गेलं.

तेव्हापासून दर खेपेला ओटी. नत्थूजी येताना काही ना काही आणायचे, कधी वाल, कधी हरभऱ्याची भाजी, हिवाळ्यात तुरीच्या शेंगांचं गाठोडं. प्रभाकरराव बायकोला चिडवायचे, "एका हातानं भाडं घेते अन् दुसऱ्या हातानं ओटी भरते. तुयं दुकान काही चालाचं नाई." पण स्वतः दुकानातून गुळाचा खडा आणून त्या ओटीत टाकायचे.

ठराव झाला तेव्हा अनुसयाबाईंच्या मनातही आलं नाही की ह्यात आपली शकुबाई येते. त्यांच्या लेखी भाडेकरू म्हणजे हेमराजचे ते डब्बावाले. आणि तशी अडचण आलीही नाही. महिन्याचे चार मुक्काम, त्यातला एखाददुसरा शकुबाईचा, रीतसर पंचायतीत सांगितलेला.

जानेवारीत मात्र घोळ झाला. सुरुवातीलाच शकुबाई येऊन गेली होती. मग आर्वीकडचे एक मास्तर आईला दाखवायला आले, मग दुसरे कोणी. संक्रांतीनंतर देवळीच्या ज्या ठोक व्यापाऱ्याकडून प्रभाकरराव माल उचलायचे, त्याच्या घरची मंडळी गावात लग्नाला आली आणि प्रभाकररावांनी आपण होऊन खोली देऊन टाकली. चार झाले. महिनाअखेरीला शकुबाईची पुन्हा तारीख आहे, हे अनुसयाबाईंना पक्कं ठाऊक होतं. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण मालाच्या माणसांना नाही कसं म्हणायचं? आणि रक्त कमी भरलं की डॉक्टर तारीख पुढे ढकलतात, मागे दोनदा ढकलली होती. ढकलतील ह्या वेळीही. असं म्हणून त्यांनी तोंड मिटलं. नत्थूजींना फोन करून सांगायला हवं होतं. तेही राहिलं. उद्या करू, उद्या करू, असं करत राहिलं.

तारीख ढकलली नाही.

त्या दिवशी हवा अशी झोंबत होती की दुपारीही लोक कानाला रुमाल बांधून होते. प्रभाकरराव माल आणायला देवळीला गेलेले. अनुसयाबाई ओसरीत तीळ निवडत बसल्या होत्या. ऑटो थांबला. नत्थूजी उतरले, आणि त्यांनी हात धरून शकुबाईला उतरवलं. किती वाळली होती! महिन्याभरापूर्वी निदान चालत येत होती. डोक्यावरचे केस गेलेले, त्यावर घट्ट बांधलेला रुमाल, आणि रुमालाखाली कपाळभर कुंकू. हसली. नत्थूजींच्या खांद्यावर तुरीच्या शेंगांचं गाठोडं होतं.

 अनुसयाबाईंची पहिली नजर गेली ती पानठेल्याकडे. हेमराज बसलाच होता.

"या" म्हणायचं होतं ते ओठांवर आलंच नाही. त्या उठून दारात गेल्या, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "नत्थूजी, ह्या महिन्याचं झालं हो. चार झाले. तुमाले फोन कराचा होता, मी..."

नत्थूजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "आता हिले घेऊन कुठी जाऊ? आज उभंबी राहवत नाई तिले."

"मले का समजत नाई? पण थो पाहून राह्यला ना समोर. वर्षभर कुलूप लागन. अन् आमच्या ह्यायचं तोंड राहाचं नाई गावात."

नत्थूजी जवळ आले. कधी कोणाकडे काही मागितलेला माणूस नव्हता तो, त्यामुळे मागताना त्यांची मान खाली गेली. "कोणी इचारलं तं सांगा ना, बहीण आहे मनून. सोयऱ्याले कुठी मोजतात? एका रातीचा सवाल आहे."

 शकुबाई दाराच्या चौकटीला टेकून अनुसयाबाईंकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, तसं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. तिला खात्री होती. आपली ताई आता काय म्हणेल, ह्याची पक्की खात्री.

आणि तेवढ्यात हेमराज आलाच. रस्ता ओलांडून, सावकाश, गालात खर्रा धरून. "काकू," आवाजात साखर घोळवत तो म्हणाला, "पाहुणे कोण?"

एक शब्द होता. बहीण. तो म्हटला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? हेमराज हसला असता, फार तर पंचायतीत बोंबलला असता. पण अनुसयाबाईंच्या डोळ्यांपुढे ती सभा आली, तो साडूंवरचा विनोद, नवऱ्याची ताठ मान. आणि तो जुना तोरा, जे नाही ते नाही. तोंड उघडलं ते भलतंच बोललं.

"आमचे कोणी नाई. दवाखान्याचे लोकं आहेत. रस्ता इचारून राह्यले."

नत्थूजींनी झटकन मान वर केली. त्यांच्या तोंडून काहीतरी निघणार होतं. पण शकुबाईनं त्यांच्या बाहीला धरलं आणि हेमराजकडे बघून ती शांतपणे म्हणाली, "हाव भाऊ. रस्ताच इचारून राह्यलो आमी."

हेमराज काही कच्चा नव्हता. त्यानं ह्या नवरा-बायकोला चार-पाचदा त्याच ओसरीत बघितलं होतं.  मग म्हणाला, "बाईची तब्येत बरी दिसत नाई. माह्या इथं चाला. माहे साडू मनून सांगू, काही होत नाई." हे टोमणा म्हणून म्हणाला की खरंच त्याला दया आली, देव जाणे. बहुधा दोन्ही असावं.

"नको भाऊ," शकुबाई म्हणाली. "आमची सोय आहे."

कसली सोय! त्यांनी ऑटोवाल्याला हाक मारली. चढताना शकुबाईचा पाय दोनदा घसरला. अनुसयाबाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. ऑटो गेल्यावर त्यांना दिसलं, तुरीच्या शेंगांचं गाठोडं तिथंच राहिलंय. विसरले म्हणावं, तर नत्थूजी विसरणाऱ्यांतले नव्हते.

संध्याकाळी प्रभाकरराव आले. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पायातल्या चपला न काढता बसून राहिले. मग म्हणाले, "तू बरोबर केलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "नियमानं पायलं तं बरोबरच केलं." आणि जेवले नाहीत.

सकाळी अनुसयाबाईंनी खिचडीचा डबा भरला, जाडी वाकळ काखेत मारली आणि ऑटो करून दवाखाना गाठला. सुयांच्या रांगेत शकुबाई दिसली नाही. बाहेर फाटकाजवळ पत्र्याची शेड आहे, नातेवाईक तिथं स्वयंपाक करतात, तिथंही नव्हती. चहावाल्या बाईनं सांगितलं, "रुमालवाली ना? रातभर इथंच होती शेडात. धर्मशाळा भरलेली. खोकून खोकून बेजार झाली. तिचा नवरा आपला शेला तिच्यावर टाकून सोता उघडा बसून होता. सकाळी डॉक्टर मने ताप आहे, सुई देता येत नाई. गेले मग एस.टी.नं." डबा तसाच घेऊन अनुसयाबाई परत आल्या. खिचडी गायीला घातली.

नत्थूजींचा नंबर मोबाइलमध्ये होता. लावायची हिंमत होत नव्हती. लावून म्हणायचं तरी काय? एकदा लावला, घंटी वाजण्याआधी कापला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

मग त्यांनी स्वतःची समजूत अशी घातली की पुढच्या तारखेला सगळं निस्तरू. ताप उतरेल, सुई द्यावीच लागेल, यावंच लागेल. देवळीला जाऊन हिरवं पातळ आणलं, चांगलं, जरीकाठाचं, स्वतःसाठीही कधी घेतलं नव्हतं असं. आल्या आल्या शकुबाईचे पाय धरायचे आणि ओटीत घालायचं. प्रभाकररावांना ठणकावून सांगितलं, "येत्या महिन्यात एक मुक्काम माह्या बहिणीचा. मालवाला येवो का त्याचा बाप येवो, खोली देली तं मीच घर सोडून जाईन."

प्रभाकररावांनी बायकोकडे पाहिलं. बहीण हा शब्द त्यांना ऐकू आला होता. 

फेब्रुवारी लागला. खोली रोज झाडली जायची, चादर दोनदा धुतली. अंदाजानं जी तारीख होती ती आली आणि गेली. अनुसयाबाई ऑटोचा आवाज आला की ओसरीत यायच्या. हेमराज समोर बसलेला असायचा, पण आता तो खाली मान घालून मोबाइल बघत राहायचा.

महाशिवरात्रीच्या आदल्या सकाळी दारात ऑटो नाही, मोटारसायकल थांबली. धुळीनं भरलेला एक माणूस उतरला. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, आत आला नाही. अनुसयाबाईंनी त्याला कधी बघितलं नव्हतं.

"अनुसयाबाई तुमीच काय?" त्यानं विचारलं. "मी तानबा. नत्थूभाऊचा लहाना भाऊ, वडनेरचा."

अनुसयाबाईंनी दाराची कडी धरली.

"शकुवयनी गेली, बाई. आज पहाटेच. छातीत कफ भरला, मांगच्या खेपेपासून खोकला काही हटलाच नाई." तानबानं तोंडावरून हात फिरवला. "सवाशीण गेली. आमच्यात माहेरचं पातळ घातल्याबिगर उचलत नाई. बाया मने, तिच्या माहेरी तं कोणी नाई, गावातूनच आणू. पण वयनीनं पयलेच सांगून ठेवलं होतं. माहं माहेर निंबटोलीले आहे मने. ताईकून आणजा. मनून आलो. भाऊ काही बोलून नाई राह्यला, मीच आलो."

 आतून प्रभाकरराव येऊन मागे उभे राहिले होते.

तानबा बोलतच होता. दुःखातल्या माणसाला कधी कधी बोलल्याशिवाय राहवत नाही, तसा. "लय नाव काढे तुमचं. मांगच्या खेपेलेबी तुमच्याकडंच होते ना? ताप घेऊन आली घरी, तं मी मनलं, वयनी, थंडीत कुठी राह्यल्या होत्या? तं मने, कुठी मंजे, ताईकडं! ताईनं शेगडी पेटवून देल्ली, पाय शेकून देल्ले, सोताची वाकळ माह्या अंगावर टाकली. मेल्यावरबी ओटी थेच भरन मने."

अनुसयाबाई उंबऱ्यावर बसल्या. त्या रडल्या नाहीत, त्यांना रडू येईना. हे सगळं त्या बाईनं पत्र्याच्या शेडात कुडकुडत बसून रचलं असेल. घरच्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ताईला नाव लागू नये म्हणून काय सांगायचं. अनुसयाबाईंना जे एक खोटं बोलता आलं नाही, ते शकुबाई घरी जाऊन त्यांच्यासाठी बोलली होती.

मग त्या उठल्या. कपाटातून हिरवं पातळ काढलं, सुपातले तांदूळ, खण, हळदकुंकवाची डबी, सगळं पिशवीत घेतलं. बाहेर आल्या. समोर हेमराज होता. तो काही विचारत नव्हता, उठूनही उभा राहिला नव्हता. पण अनुसयाबाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "इचार ना रे हेमराज! इचार ना आता, पाहुणे कोण! माह्या बहिणीचा दीर आहे थो! जा, सांग जाऊन पंचायतीत!"

हेमराजनं मान वर केली नाही. गल्लीतली दारं उघडली. प्रभाकररावांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, आपली जुनी मोपेड काढली, आणि तानबाच्या गाडीमागे लावली. अनुसयाबाई तानबाच्या मागे बसल्या, पिशवी छातीशी धरून. सगळा रस्ताभर त्यांच्या मनात एकच भीती होती. नत्थूजी. त्यांना सगळं ठाऊक आहे. भरल्या अंगणात त्यांनी नुसतं म्हटलं, ही कोण, आम्हाला रस्ता सांगणारी, तर? आणि का म्हणू नये त्यांनी? म्हणायलाच हवं, म्हटलं तर निदान सुटेन, असंही त्यांना वाटत होतं.

वडनेरला अंगण माणसांनी भरलेलं होतं. आंघोळ घालून शकुबाईला पाटावर बसवलं होतं, बायकांनी आडपडदा धरला होता, सगळे फक्त पातळासाठी थांबले होते. नत्थूजी भिंतीला टेकून बसले होते. तानबानं आवाज दिला, "आले." माणसं वळून पाहू लागली. अनुसयाबाई अंगणाच्या तोंडाशीच थबकल्या.

नत्थूजींनी त्यांना बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते हात टेकून उठले आणि बायकांना म्हणाले, "सरका वं, जागा द्या. तिच्या माहेरचे आले."

बायका बाजूला झाल्या. अनुसयाबाई आडपडद्यामागे गेल्या. पातळाची घडी मोडली, पण पदर कुठला नि निऱ्यांची बाजू कुठली तेही त्यांना कळेना. एका म्हातारीनं मदतीला हात पुढे केला. शकुबाईचा खांदा आवळून धरत तिनं विचारलं, "तू तिची बहीण काय वं? सख्खी का चुलत?"

अनुसयाबाई निऱ्यांवर वाकल्या. 

पडद्यापलीकडून नत्थूजींनीच उत्तर दिलं. "सख्खी," ते म्हणाले.

आणि नंतर, सगळं उरकेपर्यंत, लोक पांगेपर्यंत, त्यांनी अनुसयाबाईंकडे एकदाही पाहिलं नाही.